परीक्षेत एक पेपर राहिला म्हणून लंडनच्या फर्मने भाचीची ऑफर काढून घेतली. सगळीकडे असंच चालतं का?

रानजाई

नमस्कार मंडळी. मी एरवी इथे पाककृतींच्या आणि बागकामाच्या धाग्यांवर असते. आजचा विषय वेगळा आहे आणि मला त्यातलं फारसं कळत नाही, म्हणून इथल्या वकील मंडळींना विचारते आहे.

माझी भाची (मोठ्या बहिणीची मुलगी, ठाण्याची) चार वर्षांपूर्वी इंग्लंडला कायदा शिकायला आली. पदवीच्या दुसऱ्या वर्षात तिने लंडनच्या एका फर्ममध्ये सुट्टीतली उमेदवारी केली. तिथलं काम बघून त्यांनी तिला ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट (दोन वर्षं शिकाऊ म्हणून काम करण्याचा करार) दिलं. पदवी झाल्यावर एक वर्ष सॉलिसिटरच्या परीक्षेची तयारी करायची, त्याची फी आणि राहण्याचा खर्च फर्म देणार, आणि सप्टेंबरात रुजू व्हायचं, असं ठरलं होतं. जुलैत पहिली परीक्षा झाली. दोन भागांपैकी पहिला भाग सुटला म्हणजे ती पास झाली, दुसऱ्यात अगदी थोडक्यात नापास झाली.

निकाल सकाळी लागला. अकरा वाजता तिने स्वतःहून फर्मला कळवलं. चार वाजता उत्तर आलं, तीन वाक्यांचं. अट पूर्ण न झाल्यामुळे ऑफर रद्द, दिलेल्या पैशांबद्दल वेगळं पत्र येईल, पुढच्या वाटचालीस शुभेच्छा. रुजू व्हायला बारा दिवस राहिले होते. खोलीचं भाडं आणि डिपॉझिट भरून झालं होतं.

त्या संध्याकाळी ती आमच्याकडे स्लाउला आली. मी बिरड्याचे वाल सोलत होते. ती काही न बोलता समोर बसली आणि सोलायला लागली. अर्ध्या तासाने बघते तर दाणे आणि सालं तिने एकाच परातीत टाकली होती. मी काही बोलले नाही, नंतर निवडून घेतले.

ठाण्याला तिने अजून सांगितलेलं नाही.

दोन वर्षं त्यांनी तिला ओळखलं होतं. एका पेपरानंतर पाच तासांत संपवलं. हे सगळीकडे असंच असतं का? काही करता येतं का?

शब्दवेडी

वाचून पोटात कालवलं. भाचीला जवळ घ्या आधी. बाकीचं नंतर.

कोकणकडा

सॉलिसिटर म्हणजे बॅरिस्टरच ना? आमच्याकडे लंडनहून वकील होऊन आला की नावामागे 'बॅ.' लागायचं, तेवढंच माहीत आहे.

टेम्सकाठी

@कोकणकडा, नाही. बॅरिस्टर कोर्टात उभा राहतो, सॉलिसिटर पक्षकाराचं काम थेट घेतो: करार, घराची खरेदी-विक्री, मृत्युपत्रं, दाव्याची तयारी. दोघांच्या परीक्षाही वेगळ्या आणि संस्थाही.

रानजाईताई, मी मँचेस्टरला सॉलिसिटर आहे, दहाएक वर्षं झाली. जरा सविस्तर लिहिते, कारण यातला बराच गोंधळ परीक्षा बदलल्यामुळे झाला आहे.

आमच्या वेळी एलपीसी नावाचा वर्षाचा कोर्स असायचा. परीक्षा त्या त्या कॉलेजची. एखादा विषय राहिला तर पुन्हा द्यायचा, आणि फर्म सहसा थांबायची. २०२१ पासून एसक्यूई आली. ही सगळ्यांसाठी एकच, केंद्रीय परीक्षा. नियामक संस्था एसआरए, आणि परीक्षा घेण्याचं काम कॅप्लान या खासगी कंपनीकडे. पहिल्या टप्प्यात दोन भाग, एफएलके-१ आणि एफएलके-२. प्रत्येक भागात १८० प्रश्न, पाच पर्यायांतून सर्वांत योग्य एक निवडायचा. पुस्तक जवळ नाही. एकेक भाग म्हणजे पाच तासांहून जास्त वेळ स्क्रीनसमोर. हे पार पडलं की दुसरा टप्पा, त्यात लेखी आणि तोंडी मिळून १६ कसोट्या.

पहिल्या टप्प्याचे निकाल बघा. नोव्हेंबर २०२१ ला पहिल्यांदा झाली तेव्हा ५३ टक्के उत्तीर्ण. जानेवारी २०२४ ला ५६. जुलै २०२४ ला ४४. म्हणजे नापास होणारी मुलं वाया गेलेली किंवा आळशी नसतात, जवळपास निम्मा वर्ग असतो. भाचीला हे आकडे दाखवा. तिला वाटत असेल की आपणच एकट्या मागे राहिलो.

आता फर्मचं वागणं. सगळीकडे एकसारखं नाही. काही जण एक फेरपरीक्षा देऊ देतात आणि रुजू होण्याची तारीख पुढे ढकलतात. काही जण तोवर पॅरालीगल (सॉलिसिटरच्या हाताखालचा मदतनीस) म्हणून ठेवून घेतात. आणि काहींच्या पत्रात 'पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण' अशी अट असते. तिचं पत्र तिसऱ्या प्रकारचं दिसतंय. पत्र हातात घेऊन ते वाक्य शब्दशः वाचा.

डोंगरवाट

मी दुसरी बाजू मांडतो. राग येईल, पण कोणीतरी मांडायला हवी.

मी लंडनमध्येच एका फर्मच्या एचआर विभागात आहे (ताईंच्या भाचीची फर्म नव्हे, मी खात्री करून घेतली). आमच्याकडे ट्रेनी वर्षातून ठरलेल्या महिन्यांतच येतात. दोन वर्षांत साधारण चार विभाग, प्रत्येकात सहा महिने, त्याला आम्ही सीट म्हणतो. कोण कुठल्या सीटवर, कोणाच्या हाताखाली, हे वर्षभर आधी ठरलेलं असतं. एक जण चार-सहा महिने मागे गेला की ती साखळी हलते. शिवाय फी आणि खर्च फर्मने भरलेला असतो.

आणि न्यायाचाही प्रश्न आहे. एकाला सूट दिली आणि दुसऱ्याला दिली नाही, तर त्याचं कारण काय सांगणार? तो पार्टनरला आवडतो म्हणून? लेखी नियम कडक असेल, पण सगळ्यांना सारखा असतो. मी असा काळ पाहिला आहे जेव्हा सवलत फक्त ओळखीच्या पोरांना मिळायची. आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांना नियमच वाचवतो.

फोर्टकर

@डोंगरवाट, तुमचं शेवटचं वाक्य मला पटलं. तरी माझा अनुभव सांगतो, मग ठरवा.

मुंबईत सॉलिसिटर होणं म्हणजे बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा. तीन वर्षं सॉलिसिटरच्या हाताखाली आर्टिकलशिप करायची आणि मग परीक्षा. कायद्याने आता त्याची गरज नाही. १९७६ च्या दुरुस्तीने अ‍ॅटर्नी हा वेगळा वर्ग गेला, सनद घेतली की सगळे अ‍ॅडव्होकेट. तरी फोर्टातल्या जुन्या फर्ममध्ये त्या पदवीला अजून मान आहे, आणि परीक्षा अवघड म्हणून प्रसिद्ध आहे.

मी दोनदा नापास झालो. दुसऱ्यांदा निकाल कळला त्या दिवशी एका मॅटरचं (खटल्याचं) कंपायलेशन करत होतो, म्हणजे कागदपत्रं एकत्र लावत होतो. पानांवर नंबर टाकायचं काम. एकशे चाळीसच्या आसपास पोचलो असेन, मित्राचा फोन आला. परत येऊन बसलो तर कुठल्या पानावर होतो तेच आठवेना. पुन्हा एकपासून सुरू केलं. मोठे साहेब पारशी, वय सत्तरीच्या पुढे. संध्याकाळी त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, झालं. त्यांनी विचारलं, "उद्या मॅटर बोर्डावर आहे ना? फाइल तयार आहे?" मी हो म्हटलं. "मग घरी जा, झोप. सकाळी माझ्याबरोबर कोर्टात ये."

निकालाचा शब्द त्यांनी काढला नाही. मात्र त्या आठवड्यात परीक्षेच्या आधीच्या दोन महिन्यांचं वेळापत्रक माझ्या टेबलावर आलं, त्यात माझी कामं दुसऱ्याला वाटून दिली होती. तिसऱ्या वेळी सुटलो. आज त्याच फर्ममध्ये आहे, आणि सकाळी कोणाच्या चेहऱ्यावरून निकालाचा दिवस आहे हे मला ओळखू येतं.

साहेबांना माझ्यावर दया करायची होती म्हणून हे झालं असं नाही. कित्येक वर्षं माझं काम त्यांनी रोज पाहिलं होतं. परीक्षेने त्यांना माझ्याबद्दल नवीन काही सांगितलं नाही.

शब्दवेडी

@फोर्टकर, पान नंबरांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

खातेवही

सीएवाल्यांकडून दोन शब्द. आमच्याकडे आर्टिकलशिप आणि परीक्षा या दोन गोष्टी निकालाने बांधलेल्या नाहीत. फायनलला बसायला आर्टिकलशिप लागते, पण फायनलला नापास झालात म्हणून केलेली आर्टिकलशिप कोणी काढून घेत नाही. प्रयत्नांवर मर्यादा नाही. आमच्या बॅचमधला एक जण सातव्या प्रयत्नात झाला. तोवर त्याच फर्ममध्ये ऑडिट असिस्टंट म्हणून होता आणि बँक ऑडिटला त्याच्याइतकं चोख कोणी नव्हतं. (माझी स्वतःची तीन वर्षांची आर्टिकलशिप. २०२३ च्या नव्या योजनेत दोन वर्षांची केली आहे.)

पण आमच्याकडचं सगळं गोड आहे असं समजू नका. निकालानंतर काही साहेब सगळ्या ऑफिसपुढे विचारतात, "काय रे, परत का?" स्टायपेंड तेवढाच, आणि अभ्यासाची रजा मागितली की मार्चएंड पुढे करतात. काढून टाकत नाहीत हे खरं, पण वर्षानुवर्षं अर्ध्या पगारात राबवूनही घेतात. ठेवून घेणं म्हणजे सांभाळणंच असं नाही.

टेम्सकाठी

@खातेवही, शेवटचं वाक्य इथल्या पॅरालीगलनाही लागू आहे. 'परीक्षा सुटली की बघू' म्हणत तीन-चार वर्षं ठेवलेली मुलं मी पाहिली आहेत.

नाना_वरळी

बॅरिस्टरचा विषय निघाला म्हणून थोडं अवांतर. सावरकर ग्रेज इन या लंडनच्या बॅरिस्टरांच्या संस्थेची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाले होते, तरी १९०९ मध्ये त्यांना बॅरिस्टर म्हणून दाखल करून घेतलं नाही. राजकारणामुळे. म्हणजे लंडनमध्ये पास होऊनही सनद न मिळालेले आहेत. परीक्षा आणि प्रवेश ही दोन वेगवेगळी दारं आहेत, आणि दुसऱ्या दारावर माणसं बसलेली असतात.

कोकणकडा

नाना, अवांतर कसलं, हे तर मुद्द्याचंच आहे.

मोगरा_लेस्टर

मी लेस्टरला एका छोट्या फर्ममध्ये आहे, पाच सॉलिसिटर आणि दोन पॅरालीगल. वर कोणी २०२४ चा प्रकार लिहिला नाही म्हणून लिहिते. जानेवारी २०२४ च्या परीक्षेचा निकाल मार्चमध्ये लागला. एप्रिलमध्ये कॅप्लानने जाहीर केलं की १७५ जणांना चुकून नापास कळवलं होतं, प्रत्यक्षात ते उत्तीर्ण होते. गुण पूर्णांकात करण्याची पायरी हिशोबात चुकीच्या जागी घेतली गेली होती. माफी मागितली, प्रत्येकाला २५० पौंड देऊ केले.

मधल्या काही आठवड्यांत त्यांतल्या काहींच्या ऑफर गेल्या होत्या. ज्या फर्मनी निकालाच्या दिवशीच पत्र धाडलं त्यांनी उत्तीर्ण मुलांना नापास म्हणून काढलं. ज्यांनी 'थांब, बघू' म्हटलं त्यांना काही निस्तरावं लागलं नाही.

@डोंगरवाट, तुमच्या नियमाच्या मुद्द्याला माझा विरोध नाही. पण निकालाचा आकडा म्हणजे देववाणी नव्हे, हे एकदा सिद्ध झालं आहे. मग पाच तासांत पत्र काढायची घाई कशासाठी?

डोंगरवाट

@मोगरा_लेस्टर, ते वर्ष मला चांगलं आठवतं. आम्हालाही एका मुलीला फोन करावा लागला होता. तो फोन मी केला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी आता दुसरीकडे होकार दिलाय." मला काय बोलावं सुचेना.

त्यानंतर आमच्याकडे बदललं. निकालानंतर दहा दिवस कोणतंही पत्र जात नाही. आधी माणूस बोलतो. निर्णय बऱ्याचदा तोच राहतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. नियम हवा या मतावर मी अजूनही आहे. पण नियमात एक फेरपरीक्षा लिहून ठेवली तर तोही सगळ्यांना सारखाच नियम होतो, हे मला पटलं आहे. सीटच्या साखळीचं मी वर मोठं करून सांगितलं. खरं तर बाळंतपणाच्या रजा आणि आजारपणं आम्ही दरवर्षी त्याच साखळीत बसवतो.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री भाचीला बसवून धागा वाचून दाखवला. ४४ टक्क्यांच्या आकड्याला ती थांबली. "मावशी, मला माहीत होता हा आकडा. पण तो दुसऱ्यांचा वाटायचा."

पत्र काढलं. 'दोन्ही भाग पहिल्या प्रयत्नात' असं लिहिलेलं आहे. म्हणजे सही तिचीच आहे. त्याखाली पैसे परत मागण्याचं कलम आहे: कोर्सची फी आणि राहण्याखर्चाचा काही भाग. आकडा लिहीत नाही, पण तिच्या बाबांनी घेतलेल्या शैक्षणिक कर्जावर ते अजून एक ओझं होईल.

आणि व्हिसा. आत्ता ती पदवीनंतरच्या दोन वर्षांच्या व्हिसावर आहे, त्यातलं एक संपलं. ती रुजू झाल्यावर फर्म तिचा पुढचा व्हिसा करणार होती.

टेम्सकाठी

ताई, मग एकेक घेऊ. हा सल्ला म्हणजे वकीलपत्र नव्हे, पण मी असते तर हे केलं असतं.

आधी ऑफर. अट स्पष्ट असेल तर कायद्याने भांडून फार हाती लागणार नाही. रुजू झाल्यावर काढलं असतं तरी नोकरीला ठरावीक काळ पूर्ण होईपर्यंत इथे अन्याय्य बडतर्फीचा सर्वसाधारण दावा करता येत नाही. अपवाद भेदभावाचा. तिला डिस्लेक्सिया किंवा दुसरा काही त्रास असेल आणि सोय मागूनही मिळाली नसेल, तर मात्र लगेच वकील गाठा.

पैशांबद्दल भांडण नको, विनंती करा. पत्र पार्टनरला लिहा, ज्याच्या हाताखाली तिने उमेदवारी केली त्याला प्रत. फर्मनी हे पैसे सोडल्याची किंवा लांब हप्त्यांवर घेतल्याची उदाहरणं मला माहीत आहेत. न मागता कोणी सोडत नाही.

आता परीक्षा. पहिला भाग सुटला आहे, तो पुन्हा द्यायचा नाही. फक्त एफएलके-२. पहिल्यांदा बसल्यापासून सहा वर्षांत तीन प्रयत्न मिळतात, तिचा एक गेला. २०२४-२५ ला दोन्ही भागांची फी १,८८८ पौंड होती, एकाच भागाची त्याच्या निम्मी. परीक्षा जानेवारीत आणि जुलैत असते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, जे तिला या दुःखात दिसणार नाही. नव्या पद्धतीत ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट हा एकच रस्ता राहिलेला नाही. दोन वर्षांचा पात्र अनुभव लागतो, तो चारपर्यंत वेगवेगळ्या ठिकाणी मिळून चालतो. पॅरालीगलचं काम, विद्यापीठाच्या मोफत कायदा सल्ला केंद्रातलं काम, सॉलिसिटरने सही केली की तेही धरतात. आमच्या वेळी फर्मने हात सोडला की संपलंच. हिच्या बाबतीत फर्मने हात सोडला तरी दोन वर्षं मोजायला तिला दुसऱ्या कोणाच्या दारात बसायची गरज नाही, काम मिळेल तिथून ती सुरू होतात.

कडूनिंब

मी त्या अटीच्या विरुद्ध मत देतो. निम्म्याच्या आसपास निकाल असलेल्या परीक्षेत पहिल्याच प्रयत्नाची अट घालणं म्हणजे मुलांच्या भवितव्यावर नाणं उडवणं. आणि सही केली म्हणून ती अट योग्य ठरत नाही. एकवीस वर्षांच्या मुलीने आयुष्यातल्या पहिल्या मोठ्या ऑफरवर सही करताना कलमावर घासाघीस करावी अशी कोणाची अपेक्षा आहे? फर्म तर करार लिहिण्याचंच काम करते. समोर कोण बसलंय हे तिला पक्कं माहीत असतं.

फोर्टकर

@कडूनिंब, हे लाखमोलाचं बोललात. आपल्याकडची बार कौन्सिलची एआयबीई ही वकिलीची परीक्षा बघा. पहिली २०११ मध्ये झाली, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ती वैध ठरवली. कितीही वेळा देता येते. मुंबईतल्या मोठ्या फर्ममध्ये कोणी त्यात अडकला तर सीनिअर म्हणतो, पुढच्या वेळी नीट वाच, आणि काम चालू राहतं. तिची काठिण्यपातळी इंग्लंडच्या परीक्षेइतकी नाही, हे मान्य. पण आपल्याकडे परीक्षा देणाऱ्याला काम करता करता पुन्हा बसता येतं.

मोगरा_लेस्टर

ताई, ठाण्याला सांगितलं का? उगाच विचारत नाही. माझी अशीच वेळ आली होती. २०२२ ला दोन्ही भाग गेले, फर्मने ऑफर काढली. मी घरी सहा आठवडे खोटं बोलले. आई रोज व्हिडिओ कॉलवर विचारायची, आज काय काम होतं गं? मी रोज काहीतरी रचून सांगायची. एकदा दमून चुकले आणि कॉल कापला. परीक्षेपेक्षा त्या सहा आठवड्यांनी मला जास्त पोखरलं.

इथे लॉकेअर नावाची धर्मादाय संस्था आहे, कायद्याच्या क्षेत्रातल्या लोकांचं ऐकून घेते, विद्यार्थ्यांचंही. मी फोन केला होता. पलीकडच्या बाईंनी सल्ला दिला नाही, ऐकलं. त्याच दिवशी संध्याकाळी आईला सांगितलं.

नंतर इथल्या या छोट्या फर्ममध्ये पॅरालीगल झाले. घरांची खरेदी-विक्री, तीच ती फाइल, तीच ती शोधपत्रं. आमच्या बाईंनी परीक्षेच्या आधीचे दोन महिने मला शुक्रवारी सुट्टी दिली, पगार न कापता. जमिनीच्या कायद्याचे प्रश्न मग मला वाचायलाच लागले नाहीत, दिवसभर तेच करत होते. दुसऱ्या प्रयत्नात दोन्ही सुटले. तोंडी मँचेस्टरला दिली. गेल्या वर्षी रोलवर (सॉलिसिटरांच्या अधिकृत यादीत) नाव आलं.

मोठ्या फर्मकडे पैसा होता, छोटीकडे शुक्रवार होता.

नाना_वरळी

मोगरा, अभिनंदन गं पोरी. उशिरा का होईना, या धाग्यावर पेढे.

डोंगरवाट

@मोगरा_लेस्टर, तुझा शुक्रवारचा मुद्दा लिहून घेतला आहे. आमच्याकडे पुढच्या वर्षीच्या ऑफर पत्रांचा मसुदा सध्या फिरतो आहे. एका फेरपरीक्षेचं कलम मी सुचवणार आहे. मान्य होईलच असं नाही.

रानजाई

मधे तीन आठवडे इथे येता आलं नाही. आता सगळं सांगते.

मोगराचा प्रतिसाद भाचीने स्वतः वाचला, आणि त्याच रात्री ठाण्याला फोन लावला. मी स्वयंपाकघरात होते, दार उघडं होतं. माझी बहीण रडली. भावोजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जेवलीस का?" आणि नंतर, "पहिला भाग सुटलाय म्हणतेस ना, मग अर्धं झालंय." दुसऱ्या दिवशी तिची भूक परत आली.

पार्टनरला पत्र गेलं. फीचे पैसे परत करायचेच आहेत, पण राहण्याखर्चाचे त्यांनी सोडले आणि फीला तीन वर्षांचे हप्ते दिले. ज्यांच्या हाताखाली तिने उमेदवारी केली त्या बाईंनी वेगळा फोन केला. त्यांना निकाल माहीतच नव्हता. पत्र त्यांना न विचारता गेलं होतं. त्यांनी शिफारसपत्र दिलं, चांगलं दीड पानी. ते वाचताना मला कळलं की हिने तिथे काय काय केलं होतं. हिने आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं.

आणि कालची बातमी: रेडिंगच्या एका फर्ममध्ये पॅरालीगलची नोकरी लागली. घरव्यवहार आणि मृत्युपत्रांचं खातं. पगार लंडनच्या मानाने कमी, पण दोन वर्षांची मोजणी पहिल्या दिवसापासून सुरू होणार हे त्यांनी लेखी दिलं आहे. टेम्सकाठी यांनी इथे लिहिलेल्या पात्र अनुभवाबद्दल तिने मुलाखतीत सगळं विचारून घेतलं. व्हिसाचं एक वर्षाने काय, याचं उत्तर अजून नाही. ते तसंच आहे.

आता माझी एक विनंती. एफएलके-२ मध्ये जमीन, ट्रस्ट, मृत्युपत्रं, फौजदारी हे तिला जमतं. सॉलिसिटर्स अकाउंट्सपाशी अडतं. हिशोबाचं नाव काढलं की ती दहावीच्या गणितात गेल्यासारखी बसते. जानेवारीला चार महिनेही नाहीत. कोणी शिकवणारं माहीत आहे का?

खातेवही

ताई, मी शिकवतो. पैशांचं नाव काढायचं नाही.

तो विषय मी आत्ताच चाळला. मुळात दोनच कप्पे आहेत: पक्षकाराचे पैसे वेगळ्या खात्यात, फर्मचे वेगळ्या खात्यात, आणि एकाचे दुसऱ्यात कधी व कशाच्या आधारावर न्यायचे एवढंच. बिल पाठवण्याआधी आलेला पैसा कुणाचा, पाठवल्यानंतर आलेला कुणाचा, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायला हवं. बाकी नोंदी मागोमाग येतात. मुलं पाठांतर करायला जातात आणि तिथे घसरतात.

दर रविवारी, तुमच्याकडचे सकाळचे दहा. सहा रविवारांत होईल. चौकटींची वही आणि दोन रंगांची पेनं घेऊन बसायला सांगा, पक्षकाराचा पैसा हिरव्याने, फर्मचा निळ्याने.

रानजाई

दादा, ती शेजारीच आहे. विचारते आहे, येत्या रविवारपासून का?

खातेवही

हो. आणि पहिल्या दिवशी चुकलेला सराव पेपर घेऊन ये म्हणावं, तिथूनच सुरू करू.